गिऱ्हाईक एवढं का विचारतं? मालगुंडच्या घरापासून मिताक्षरेपर्यंत

ज्यांना प्रवासात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" थोडे कमी केलेत.

आजचा विषय जरा घरचा आहे. आमचं मालगुंडचं घर आम्ही विकलं. मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारचं गाव, केशवसुतांचं जन्मगाव. घर जांभ्याचं, कौलारू. पुढे ओटी, मागे विहीर आणि थोडे माड. आजी गेल्यावर घराला कुलूप लागलं. बाबा आणि काका मुंबईत, मी पुण्यात. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळेना, तेव्हा विकायचं ठरलं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली आणि त्यांच्याबरोबर प्रश्न. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आहे का? सातबाऱ्यावर हे अकरा जण कोण? तुमच्या आत्यांची सही कुठेय? विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का? गडग्याच्या कडेने वाट जाते, ती कुणाची? काका वैतागून म्हणाले, "हे घर घ्यायला आलेत की पंचनामा करायला?"

मी सॉफ्टवेअरवाला. एखादा नियम विचित्र वाटला की तो कुठल्या घोटाळ्यानंतर आला असेल, हे शोधायची सवय आहे. तसाच या प्रश्नांच्या मागे गेलो. हाती असं आलं, की घर घेणाऱ्याच्या बहुतेक प्रश्नांना जुना इतिहास आहे, आणि त्यांची उत्तरं देणं आपल्यावर बंधनकारक आहे. काही गोष्टी मात्र प्रश्न नसतात, नुसत्या मागण्या असतात. त्यांना शांतपणे नाही म्हणता येतं. या दोहोंतला फरक कळला की विकणाऱ्याची निम्मी चिडचिड संपते.

नऊशे वर्षांपूर्वीची चेकलिस्ट

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य. राज्यकाळ १०७६ ते ११२६. त्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी हिंदू वारसाहक्कासाठी हाच ग्रंथ प्रमाण मानला.

त्यात जमीन हस्तांतरित कशी होते, याची सहा गोष्टींची यादी आहे. गावाची संमती, नातलगांची, शेजाऱ्यांची, वाटेकऱ्यांची, आणि शेवटी सोनं व पाणी देणं. विज्ञानेश्वर प्रत्येकाचं कारणही सांगतो. गावाची संमती कशाला? व्यवहार चारचौघांत जाहीर व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची कशाला? हद्दीचा तंटा राहू नये म्हणून. वाटणी होऊन वेगळे झालेल्या भाऊबंदांची तरी कशाला? तर पुढे कुणी "आम्ही एकत्रच होतो" असं उठून म्हणू नये म्हणून.

आता आमच्या गिऱ्हाइकांची यादी परत बघा. सर्च रिपोर्ट, सातबाऱ्यावरची नावं, आत्यांची सही, गडग्याकडची वाट. नऊशे वर्षांत भाषा बदलली, पण भीती तीच आहे.

आणि ते सोनं-पाणी कशासाठी? स्थावर विकणं त्या काळी चांगलं मानत नसत, दान मात्र पुण्याचं. म्हणून विक्रीलाही दानाचं रूप द्यायचं. गावचं घर विकताना आपल्या घरात जी कुजबुज होते, "पूर्वजांचं विकायचं?", तिची मुळं इतकी खोल आहेत. आमच्याकडेही ती झाली.

महजर आणि निशाण्या

मराठेशाहीत देशावर मिरासी जमिनीचा व्यवहार गोताच्या साक्षीने होई. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार जमायचे. वाद असेल तर त्यांच्या निवाड्याचा महजर लिहिला जाई. लिहिता न येणारा साक्षीदार आपल्या हत्याराची निशाणी काढी. पाटलाची निशाणी नांगर. विकणारा लिहून देई, की उद्या कुणी भाऊबंद आडवा आला तर त्याचं निवारण मी करीन.

हे वाक्य आजच्या खरेदीखतातही असतं. आमच्या वकिलांनी मसुदा पाठवला तेव्हा काका त्यावरच अडले होते, "आपण का म्हणून हमी द्यायची?" मी म्हटलं, काका, ही अट शिवकाळातल्या माणसानेही लिहून दिलीय.

केशवसुतांच्या आधी दोन वर्षं

केशवसुत मालगुंडला १८६६ साली जन्मले. वडील तिथे शिक्षक होते. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६४ मध्ये, दस्त नोंदणीचा कायदा आला. विज्ञानेश्वराने ज्या कामासाठी गाव गोळा करायला सांगितलं होतं, ते काम आता सरकारी वहीकडे गेलं. व्यवहार जाहीर आहे, कुणीही जाऊन बघावा. आज आपण मोबाईलवर 'सूची दोन' शोधतो ती याच वहीची नात.

सर्च तीस वर्षांचाच का? नेमकं एक कारण सांगता येणार नाही, पण एक मोठा धागा गहाणाचा आहे. गहाण टाकलेली जमीन सोडवून घ्यायची मुदत १९०८ च्या मुदत कायद्यात ६० वर्षं होती, १९६३ च्या कायद्याने ती ३० वर्षं केली. आजोबांनी कुठे गहाणखत केलेलं असेल तर ते या टप्प्यात सापडावं, हा हेतू.

मग येतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो १८९३ पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ प्रत्येक घर विकणाऱ्याने एकदा वाचावं. वेगळा करार केला नसेल तर विकणाऱ्याची कर्तव्यं त्यात ओळीने दिलीत. घेणाऱ्याने मागितली तर मालकीची कागदपत्रं तपासायला द्यायची. मालमत्तेबद्दल तो जे संबंधित प्रश्न विचारेल त्यांची आपल्या माहितीप्रमाणे उत्तरं द्यायची. आणि साधी काळजी घेऊन त्याला सापडणार नाही असा मोठा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो आपण होऊन सांगायचा. लपवला तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो.

आमच्या माजघरावरचे दोन वासे वाळवीने आतून पोकळ झाले होते. वरून रंग लावलेला, दिसत काहीच नव्हतं. बाबांनी पहिल्याच भेटीत काठीने ठोकून आवाज ऐकवला. काकांना वाटलं भाव पडणार. थोडा पडलाही. पण त्या माणसांनी त्यानंतर आमच्या शब्दावर शंका घेतली नाही.

सातबाऱ्यावर अकरा जण का?

आता कोकणाची खास गाठ. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. खोती वंशपरंपरेने चालायची, भावाभावांत तक्षिमा पडायच्या, जमीन मात्र एकत्रच राहायची. कसणारा तिसराच. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, घर तिसऱ्याचं, असा हा गुंता.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. त्याआधी १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळं कायद्याने मालक मानली गेली. म्हणून कोकणातलं जाणतं गिऱ्हाईक सातबारा हातात घेतल्यावर आधी 'इतर हक्क' रकाना बघतं. तिथे कुळाचं नाव असेल तर गोष्ट तिथेच थांबते.

त्यात मुंबई. घरटी एक-दोन माणसं गिरण्यांत, गोदीत, ऑफिसात. जमीन वाटून घ्यायला कुणाला सवडच नव्हती. माणूस गेला की वारसांची नावं चढायची, एवढंच. दोन पिढ्यांत एकाचे अकरा झाले.

इंजिनिअर मंडळींना सोपं करून सांगतो. सातबारा म्हणजे फाईलची आजची स्थिती. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार, हा गिट लॉग. कुणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते तिथे कळतं. हुशार गिऱ्हाईक सातबाऱ्यावर न थांबता फेरफार मागतं, आणि ते बरोबरच आहे. कारण सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. कोकणात आणखी एक मेख असते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर एकाच्या नावावर आणि खालची जमीन दुसऱ्याच्या. दोन्ही उतारे शेजारी ठेवून बघा.

आत्याची सही

एका गिऱ्हाइकाच्या वकिलांनी सहज लिहिलं, "बहिणींकडून हक्कसोड पत्र घ्या." घरात कुणाला यात वावगं वाटलं नाही. अशीच पद्धत. भाऊबीजेला साडी आणि कागदावर सही.

पण कायदा कुठून कुठे आलाय बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत वाटा दिला, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतका नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

मी हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सही मी करीन रे. पण सोडणारी म्हणून नाही, विकणारी म्हणून."

घरात दोन आठवडे ताण होता. काकांनी फोन घेणं बंद केलं. शेवटी बाबांनीच मध्ये पडून तिन्ही भावंडांचा सारखा हिस्सा ठरवला, आणि खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून आत्याचं नाव आलं. तिच्या आयुष्यात कुठल्या मालमत्तेच्या कागदावर आलेलं ते पहिलं नाव. गिऱ्हाइकाने सही मागितलीच नसती तर हा विषय आमच्या घरात निघाला असता का? मला नाही वाटत.

आता मागण्या

विहिरीचं पाणी बघायला मुद्दाम मे महिन्यात आलेलं जोडपं, हा प्रश्न. त्याचा मान ठेवायचा. समुद्र जवळ असल्यामुळे भरतीरेषेपासून अंतर विचारलं, तोही प्रश्न. किनारा नियमन १९९१ पासून आहे, पुढे बांधकाम करायचं तर ते कळायलाच हवं.

पण एकाने निम्मी रक्कम रोखीत देऊ म्हटलं. ही मागणी. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१५ पासून आयकर कायद्याने बंद केलंय, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका.

दुसऱ्याला साठेखतावरच चावी हवी होती, "लादी बसवून घेतो" म्हणाला. साठेखताने मालकी जात नाही, हे कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे. पण नोंदलेल्या साठेखतावर ताबा देऊन बसलात, तर कलम ५३-अ त्याच्या ताब्याला संरक्षण देतं. उरलेले पैसे रखडले तर घर त्याच्याकडे आणि तारखा तुमच्याकडे.

तिसरा म्हणाला, "मुखत्यारपत्रावरच करून टाकू, स्टॅम्प वाचेल." मुखत्यारपत्राने विक्री होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात २०११ मध्येच सांगून ठेवलंय.

आणि विसरू नका, प्रश्न विचारायचा हक्क आपल्यालाही आहे. घराखालची जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी आहे का, हे १९४८ च्या कायद्याच्या कलम ६३ मुळे आपण विचारलंच पाहिजे. त्या विहीरवाल्यांनी साताऱ्याकडचा आपला सातबारा न मागता पुढे केला. व्यवहार त्यांच्याशीच झाला.

मी वकील नाही, तेव्हा तुमच्या व्यवहाराला वकील गाठा. पण एक काम वकील तुमच्यासाठी करू शकत नाही. गावी घर असेल तर या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा: पणजोबांना मुलं किती, मुली किती, कोण कुठे दिलं, गडग्यापलीकडे कोण, वाट कधीपासूनची. कुठलीही वेबसाईट हे सांगत नाही. आमच्या अकरांपैकी दोन नावं कुणाची, हे फक्त आजीच्या ऐंशीतल्या चुलत जावेला माहीत होतं.

भेटू पुढच्या भागात.