चंदेरीचा तुरा, कोकणची शक्ती

महाडहून वरंध घाटाकडे निघालो की डोंगराच्या कुशीत तळीये लागते. या मुलखात गौरी-गणपतीला जाखडी नाचतात. मध्ये ढोलकी-झांजांसह गायक बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. सामना असला की एक मंडळ शक्तीचे, दुसरे तुऱ्याचे. या तुऱ्याचा माग काढत आपण मागे मागे जाऊ लागलो, तर थेट माळव्याच्या वेशीवरच्या चंदेरीला पोहोचतो.

परंपरा सांगते की तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर तिथे काव्यात भिडले. शिव थोर की शक्ती, याचा निकाल लागेना. तेव्हा राजाने आपला तुरा गोसाव्याला आणि कलगी फकिराला बहाल केली. गोसाव्याने शिवाची बाजू घेतली, हे ओघानेच आले. शक्तीचा कैवार मात्र एका फकिराने घ्यावा, यातच सगळी मौज आहे. कथा घडलेली की रचलेली, हे इतिहासकारांनी ठरवावे. पिढ्यान्‌पिढ्या ती अशीच सांगावीशी वाटली, एवढे मला पुरते. पुढे चितोडकडे हेच भांडण तुर्रा-कलंगीच्या ख्यालांत रंगमंचावर चढले, आणि महाराष्ट्रात शाहिरांच्या फडात शिरले. उत्तर पेशवाईतली ही शाहिरीची दुनियाच मुळी सरमिसळीची : जेजुरीचा शिकलगार मुसलमान सगनभाऊ, गवळ्याचा होनाजी, सोलापूरचा ब्राह्मण रामजोशी. ज्यांची पंगत एक होणे अशक्य, त्यांच्या लावण्या एकाच रसिकाच्या तोंडी होत्या.

कोकणात कलगीची ‘शक्ती’ झाली. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे गिरण्यांमागे कोकणातले गडी चाळींत जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर जाखडीही गेली. कानात बाळी घालणाऱ्या या माणसांना शहराने ‘बाल्या’ म्हटले, त्यांच्या नाचाला ‘बाल्या नाच’. त्या नावात हेटाळणी होती. नाचणाऱ्यांनी ती पचवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मंडळे टिकली. आज शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात.

गावच्या जाखडीला मात्र नाट्यगृह लागत नाही. लागते अंगण, आणि सणाला मुंबईहून परतणारी माणसे. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेची कोंढाळकरवाडी अंगणांसकट दरडीखाली गेली. त्या साली गणपती १० सप्टेंबरला आले.