खिडकी उघडायची की बंद ठेवायची? तळोज्याच्या रात्रीचा इतिहास

मंडळी, आज थोडा इतिहास सांगतो. पण विषय आपल्या सगळ्यांच्या झोपेचा आहे.

तळोजा फेज 1 असो की फेज 2, रात्री वास सुटला की लोक पटापट खिडक्या सरकवून घेतात. कुणी म्हणतं केमिकलचा वास, कुणी म्हणतं मासळीच्या कारखान्याचा. सकाळी उठल्यावर डोकं जड, घसा कोरडा. सात तास झोपूनही झोप झाली नाही असं वाटतं. मीही त्यातलाच एक.

आता सव्वाशे वर्षं मागे चला. 1896 ला मुंबईत मांडवीच्या बाजूला प्लेग फुटला. दोन वर्षांनी, 1898 ला, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. पण तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा सगळा राग होता तो अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर. म्हणून ट्रस्टने रस्ते रुंद केले, बीआयटी चाळी बांधल्या आणि पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत, समोरची इमारत इतकी उंच आणि इतकी जवळ नको की खिडकीतून उजेड आणि हवा यायची बंद होईल. रोगाचं कारण चुकलं होतं, पण कामगाराच्या खोलीला खिडकी हवी हा धडा बरोबर होता.

त्याआधी 1858 च्या सुमारास जर्मनीत म्युनिकला पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला मोजमाप दिलं होतं. माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीतल्या हवेच्या हजार भागांत तो एका भागापेक्षा जास्त झाला, की हवा शिळी झाली असं समजा. इमारतींच्या हवेबद्दल बोलताना हा आकडा अजूनही वापरतात.

आणि झोपेचं काय? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2016 ला एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी हॉस्टेलच्या आपापल्या खोलीत झोपले, काही रात्री बाहेरची हवा आत येऊ दिली, काही रात्री नाही. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण 2,400 ते 2,600 भागांपर्यंत गेला. हवा खेळती ठेवली तेव्हा तो साडेआठशेच्या आत राहिला. त्या रात्रींची झोप चांगली झाली, दुसऱ्या दिवशी पेंग कमी आली, डोकंही जास्त चाललं. प्रयोग लहान होता, 16 जणांचाच. पण तिथे एका खोलीत एक जण झोपत होता! आपल्याकडे चौघं झोपतात.

2018 ला सिडकोने 14,838 घरांची सोडत काढली, त्यात तळोज्यातली घरंही होती. घरं छोटी. अशा घरात खिडकी बंद करून आई-बाप, दोन पोरं झोपली की रात्रीतून किती हवा उरत असेल, विचार करा.

एसी लावला की सुटलो, असं अनेकांना वाटतं. पण घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. म्हणजे खिडकी बंद तर स्वतःचाच श्वास, उघडी तर कारखान्याचा. तळोज्याची गोची ती हीच.

हे रात्रीच जास्त का जाणवतं? हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, वारा पडतो आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. धूर, वास वर जात नाही, खालीच साचतो.

कागदावर मात्र ही रात्र दिसतच नाही. पीएम 2.5 या बारीक धुळीची आपल्याकडची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला 60 मायक्रोग्रॅम आहे. समजा, दिवसाचे 18 तास आकडा 30 राहिला आणि रात्रीचे 6 तास 150. सरासरी करून बघा, बरोबर 60. झालं, हवा मर्यादेत! आणि तुम्ही मात्र झोपेचे सहाही तास दीडशेमध्ये काढलेले.

ऑगस्ट 2017 ला तळोज्यातली निळी कुत्री जगभर गाजली. रंग डोळ्यांना दिसला म्हणून कारवाई झाली. कासाडी नदीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, कारण पाण्याचा रंग आणि मेलेले मासे दाखवता येतात. रात्रीच्या हवेचा फोटो निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेचा हवेचा आकडा वेगळा काढा आणि रोज लोकांसमोर ठेवा. आवाजाच्या नियमात रात्रीची मर्यादा 2000 सालापासून वेगळी आहे, मग हवेच्या बाबतीत का नको? आणि आपणही वास आला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करायची. नुसतं "रात्री वास येतो" म्हटलं की कुणी दाद देत नाही.

तोवर घरात एवढं करा. बाहेर वास नसेल त्या वेळी, विशेषतः दुपारी, खिडक्या सताड उघडून घर वारं खाऊ द्या. रात्री निदान आतलं दार उघडं ठेवा. कॉइल आणि धूप बंद खोलीत लावू नका.

मुंबईच्या कामगाराला सव्वाशे वर्षांपूर्वी खिडकी मिळाली. ती उघडता येईल अशी हवा मागणं हे आपलं काम आहे.