काळीज मागावे, तर यकृत मिळते

मटणाच्या दुकानात ‘पाव किलो काळीज द्या’ म्हटले, की खाटीक यकृत कापून देतो आणि गिऱ्हाईक ते मुकाट्याने घेते. तेच गिऱ्हाईक घरी आल्यावर लेकीला काळजाचा तुकडा म्हणते, तेव्हा त्याचा हात छातीच्या डाव्या बाजूला गेलेला असतो. एका शब्दाचे हे दोन पत्ते कसे? हृदय भावनेचे आणि स्वभावाचे प्रतीक कसे झाले, हे शोधायला निघालेल्या मराठी वाचकाने याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

आपल्या भाषेने भावना एकाच अवयवात कोंडलेल्या नाहीत. अभिमानाने ऊर भरून येतो आणि दुःखाने तो बडवूनही घेतला जातो. धाडस छातीत असते. दुसऱ्याचे अपराध पोटात घालायचे असतात, आणि भीतीचा गोळा येतो तोही पोटातच. काळजाच्या वाट्याला मात्र दुहेरी काम आले. त्यात चर्र होते, त्याला घरे पडतात, ही झाली भावना. कोणाचे काळीज वाघाचे असते, तर कोणी उलट्या काळजाचा निघतो, हा झाला स्वभाव. या घरात ‘हृदय’ हा तत्सम शब्द शिकलेल्या पाहुण्यासारखा वावरतो. सत्काराच्या भाषणात तो शोभतो, पण धसका घ्यायला काळीजच लागते.

या पाहुण्याचे कूळ मात्र मोठे आहे. सुश्रुतसंहिता हृदयाला चेतनेचे स्थान मानते आणि त्याचा आकार खाली तोंड केलेल्या कमळासारखा सांगते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवती ही दोन हृदयांची, तिच्या इच्छा पुरवाव्यात, असेही तीत आहे. संस्कृत ‘दोहद’ आणि आपले ‘डोहाळे’ या कल्पनेशी जोडले जातात. म्हणजे चिंचेसाठी हटून बसलेली सून एकटी हट्ट करत नसते! पुढे आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांच्या काव्यविचारात जाणत्या रसिकाला ‘सहृदय’ हे नाव मिळाले. दुसऱ्याच्या अनुभवाशी जुळून येण्याची पात्रता हा हृदयाचा आणखी एक अर्थ झाला.

प्राचीन इजिप्तमध्ये हृदय साक्षीदार होते. ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकत, हृदय मात्र सहसा जागेवरच ठेवत, कारण मृत्यूनंतर ते सत्याची देवता मात हिच्या पिसासमोर तोलले जाणार होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील आनीच्या पपायरसवर तो तराजू आहे, निकाल लिहून घेणारा थोथ आहे आणि दोषी हृदय गिळायला टपलेली अम्मितही आहे. आपल्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, म्हणून मंत्र कोरलेला दगडी भुंगा मृताच्या छातीवर ठेवला जाई. त्या लोकांच्या लेखी हृदय म्हणजे वर्तनाची वही होती.

१६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्त हृदयातून निघून शरीरभर फिरते आणि हृदयाकडेच परतते, हे सिद्ध केले. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसवले. दोनच महिन्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. बदलता येणाऱ्या अवयवाभोवतीचे वलय आता विरेल, असे वाटणे साहजिक होते. ते विरले नाही. उलट, तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो, असे जपानी डॉक्टरांनी नोंदवले. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा तो दिसतो, म्हणून त्या विकाराचे नाव ‘ताकोत्सुबो’.

तरीही ‘पूर्वजांना हे ठाऊकच होते’ अशी उडी अभ्यासकाने घेऊ नये. धडधड सगळ्यांच्याच छातीत होते, पण तिचा अर्थ प्रत्येक समाज आपापल्या गरजेने लावतो. इजिप्तला न्याय हवा होता, काव्यशास्त्राला रसिक हवा होता, वैद्याला गर्भवतीची काळजी होती. म्हणून या अभ्यासात वैद्यक, धर्मकल्पना आणि बोली शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

त्यासाठी आधी ग्रंथालयच गाठायला हवे असे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, एखाद्या वाईट बातमीचा धसका नेमका कुठे बसला होता. उत्तराआधी हात कुठे जातो ते पाहा, आणि मग कोणता शब्द येतो तो लिहून घ्या. पुष्कळदा दोन्ही जुळणार नाहीत. आपला अभ्यास तिथूनच सुरू होतो.