परवाना, परवानगी व दोषनिवारण
(भ्रमणध्वनी-कार्यप्रणालीच्या इतिहासातील एक प्रकरण, चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात)

परवाना आणि परवानगी हे दोन्ही शब्द मराठीने फारसीतून घेतले. पहिला कागदाचा वाचक, तर दुसरा त्या कागदामागील संमतीचा. चंद्रपूर जिल्ह्यात, तसेच २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, हा भेद केवळ कोशापुरता राहिलेला नाही. वनोपजाच्या वाहतुकीसंबंधी नियम करण्याचा अधिकार १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने शासनास दिलेला आहे. बांबूचा ट्रक नाक्यापलीकडे जावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचे पुस्तक वनखात्याच्या ताब्यात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तथापि तोडलेला बांबू गावाबाहेर न्यावयाचा तर परवाना कोणी द्यावा, हा वाद शिल्लक राहिला. एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे हक्कास अर्थ प्राप्त झाला. हक्क ही एक वस्तू आहे आणि त्याच्या नोंदीचे पुस्तक ही दुसरी, हे यावरून दिसून येते. त्यानंतरच्या दशकात याच दोन जिल्ह्यांत सरकारी कामाचे साधन म्हणून आलेल्या भ्रमणध्वनीचा विचार करतानाही हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारी ॲप्स यांच्यामधील कारभारी. अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲप हा एक निराळा वापरकर्ता मानला जातो; त्यास स्वतःची खोली मिळते, परंतु कॅमेरा, ध्वनिग्राहक, संपर्कांची यादी किंवा स्थान यांपर्यंत पोहोचण्यासाठी कारभाऱ्याकडे मागणी करावी लागते. २००८ मध्ये ही प्रणाली बाजारात आली, तेव्हा सर्व मागण्यांची यादी ॲप स्थापित करण्याच्या वेळी एकदाच दाखविली जाई. सर्व मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. यास संमती म्हणणे म्हणजे शब्दाचा अतिव्याप्त उपयोग होय. २०१३ मध्ये ४.३ या आवृत्तीत परवानग्या एकेक करून काढून घेण्याची एक सोय दडलेली आढळली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती ४.४.२ मध्ये नाहीशी झाली. ॲपलच्या प्रणालीने संपर्कांची यादी, छायाचित्रे इत्यादींसाठी प्रत्यक्ष गरजेच्या क्षणी विचारण्याची पद्धत २०१२ पर्यंत स्वीकारली होती. अँड्रॉइडवर ती २०१५ मध्ये, ६.० या आवृत्तीबरोबर आली.

हेच वर्ष दोषनिवारणाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. यंत्रातील दोषास ‘बग’ म्हणण्याची रूढी संगणकाहून जुनी असून, एडिसनच्या १८७८ मधील एका पत्रात ती आढळते. मराठीत मात्र ‘किडा’ हा शब्द या अर्थी रुजला नाही. ‘दोष’ आणि ‘बिघाड’ यांवरच भागले. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ या माध्यम-वाचक भागात गंभीर दोष उघड झाले. विशिष्ट रीतीने घडविलेला चित्रफितीचा संदेश फोनवर येताच परक्या आज्ञा त्यावर चालू शकत होत्या. दोष चित्रफीत वाचणाऱ्या भागातला, परंतु त्या भागास कॅमेरा, ध्वनी इत्यादी अनेक अधिकार एकत्र दिलेले असल्यामुळे हानीची व्याप्ती वाढली. पुढील महिन्यापासून मासिक सुरक्षा-दुरुस्त्या सुरू झाल्या. आणि २०१६ च्या ७.० आवृत्तीत तो एकच भाग अनेक लहान भागांत तोडून प्रत्येकास आवश्यक तेवढेच अधिकार ठेवण्यात आले. चुकीची ओळ सुधारणे आणि अधिकार आखडणे ही येथे एकाच उपचाराची दोन अंगे ठरली. विकासकांच्या लेखनात ही दोन्ही कामे बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत मांडली जातात; ती विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे.

आता जंगलाकडे वळावे. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पांतील गस्तीच्या नोंदीसाठी एम-स्ट्राइप्स ही पद्धती २०१० मध्ये आखली गेली, आणि २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत तिचे ॲप वापरले गेले. अंगणवाड्यांमध्ये २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी. आणि १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर ॲपद्वारे छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. यांपैकी बहुतेकांना स्थान आणि कॅमेरा लागतात. हजेरीचे छायाचित्र पोहोचले नाही तर मजुरीवर गदा येते. अशा वेळी ‘ॲप चालत नाही’ एवढेच वाक्य वरपर्यंत पोहोचते, आणि त्यात कारणांची सरमिसळ असते. ॲपची ओळ चुकलेली असू शकते; दाट झाडीत उपग्रहाचा संकेत क्षीण झालेला असू शकतो; पडद्याआड चाललेले ॲप बॅटरी वाचविण्यासाठी प्रणालीनेच थांबविलेले असू शकते. किंवा परवानगीच गेलेली असू शकते. २०१९ पासून स्थानाची परवानगी ‘ॲप उघडे असतानाच’ अशी मर्यादित देता येऊ लागली. आणि २०२० च्या ११ व्या आवृत्तीपासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या, त्या आवृत्तीसाठी घडविलेल्या ॲपांच्या बाबतीत, आपोआप रद्द होऊ लागल्या. हंगामी कामाच्या ॲपास हा नियम नेमका भोवू शकतो. रक्षणासाठी केलेली तरतूद वापरणाऱ्यास बिघाड म्हणून दिसते, आणि तक्रार चुकीच्या दारी जाते.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. परवानगीचा प्रश्न न कळता दिलेला होकार किंवा नकार हा तांत्रिक अर्थाने वैध, पण भाषिक अर्थाने शून्य असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत केले. फोन निकृष्ट व वारंवार बिघडणारे आहेत आणि ॲपमध्ये मराठी नाही, अशा दोन्ही तक्रारी त्यांनी एकत्रच मांडल्या होत्या. त्या एकत्र मांडण्यात तंत्रज्ञांना गोंधळ दिसला असेल. वस्तुतः त्यात विवेक होता. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील ज्या घरांत माडिया बोलली जाते, तेथे तर मराठीतील प्रश्नही दुसऱ्याच्या भाषेतला असतो.

नोंदीचे पुस्तक मात्र उशिरा उघडले. कोणत्या ॲपने स्थान, कॅमेरा व ध्वनिग्राहक केव्हा वापरला याची कालक्रमाने यादी दाखविणारा फलक अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या १२ व्या आवृत्तीने आणला. आरंभी त्यात मागील २४ तासांचीच नोंद दिसे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲपलने सात दिवसांचा अहवाल उपलब्ध केला. पण हे पुस्तक नव्या आवृत्तीबरोबर येते, आणि नवी आवृत्ती प्रणालीच्या निर्मात्याकडून चिप बनविणाऱ्याकडे व तेथून फोन बनविणाऱ्याकडे अशी उतरत येते. स्वस्त फोनांपर्यंत ती पुष्कळदा पोहोचतच नाही. अशा फोनवर ॲप स्थान विचारीत राहते; ते केव्हा विचारले, हे पाहण्याचे पान त्यात नसते.