मर्सिडीज आणि फॉर्म्युला वन : माघार व पुनरागमन

आलिशान मोटारींची निर्माती म्हणून 'मर्सिडीज-बेंझ' ही जर्मन कंपनी जगभर ओळखली जाते. या लौकिकात शर्यतींचा वाटा मोठा आहे. १९३०च्या दशकात 'सिल्व्हर अ‍ॅरो' नावाने प्रसिद्ध असलेल्या तिच्या रुपेरी मोटारींनी युरोपातील ग्रां प्री शर्यती गाजवल्या. महायुद्धानंतर, ४ जुलै १९५४ रोजी फ्रान्समधील रँस येथे तिची 'डब्ल्यू १९६' फॉर्म्युला वनमध्ये उतरली. हुआन मॅन्युएल फँजिओ व कार्ल क्लिंग यांनी त्या पहिल्याच शर्यतीत पहिले दोन क्रमांक पटकावले. सिलिंडरमध्ये इंधन थेट फवारण्याचे तिच्यातील तंत्र त्याच वर्षी ग्राहकांसाठीच्या '३०० एसएल' मोटारीतही आले. दोन मोसमांत १२पैकी नऊ शर्यती 'डब्ल्यू १९६'ने जिंकल्या. दोन्ही वर्षी फँजिओ जगज्जेता ठरला.

यश असे शिखरावर असतानाच मोठा आघात झाला. ११ जून १९५५ रोजी ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत पिएर लेव्हेग याची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळली आणि तिचे अवशेष प्रेक्षकांत घुसले. लेव्हेगसह ८०हून अधिक जण मृत्युमुखी पडले. आघाडीवर असूनही मर्सिडीजने त्या रात्री उर्वरित मोटारी मागे घेतल्या. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरील शर्यतींवर बंदीच घातली. मोसमाअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. आपले अभियंते प्रवासी मोटारींच्या विकासाकडे वळवणे, हाही या निर्णयामागील हेतू होता.

फॉर्म्युला वनमधील पुनरागमन सावध होते. कंपनीने १९९४मध्ये सॉबर संघाला आणि १९९५पासून मॅक्लारेनला इंजिने पुरवली. या इंजिनांच्या बळावर मिका हॅकिनेन १९९८ व १९९९मध्ये, तर लुइस हॅमिल्टन २००८मध्ये जगज्जेता झाला. २००९चा विजेता ब्रॉन संघ विकत घेऊन मर्सिडीज २०१०मध्ये स्वतःच्या संघासह उतरली. एप्रिल २०१२मध्ये निको रॉसबर्गने शांघाय येथे विजय मिळवला. १९५५नंतरचा मर्सिडीज संघाचा हा पहिलाच विजय होता. २०१४मध्ये १.६ लिटरची हायब्रिड इंजिने आली आणि २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मर्सिडीजकडे राहिले.

शर्यत ही अशा कंपनीची प्रयोगशाळाही असते आणि जाहिरातही. मात्र विजयाबरोबर झळकणारे नाव दुर्घटनेतही तितकेच ठळक दिसते. मर्सिडीजने १९५५मध्ये दोन्हींचा अनुभव घेतला.