माळ्यावरचा स्टार्टर

आमच्या माळ्यावर ट्रॅक्टरचा एक जुना स्टार्टर पडून होता. ट्रॅक्टर गेला आणि तो राहिला. हप्ते थकले म्हणून २००९ च्या उन्हाळ्यात फायनान्सवाल्यांनी ट्रॅक्टर दारातून ओढून नेला. त्याच्या आदल्याच वर्षी आप्पांनी नवा स्टार्टर बसवला होता आणि जुना ‘असू दे, कामाला येतोय’ म्हणून पोत्यात बांधून वर टाकला होता. त्यानंतर घरात ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाही, असा न सांगताच नियम झाला.

तो नियम धाकट्यानं मोडला. २०१३ साली तो आयटीआयचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी बसला होता. कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं गो-कार्टची शर्यत बघितली आणि ‘आपुन बॅटरीवरची करायची’ म्हणून उठला.

गो-कार्ट म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा खेळ, असं मलाही वाटायचं. पण तिचा जन्म उरल्यासुरल्यातलाच. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिरानं १९५६ साली कॅलिफोर्नियात पहिली बांधली, ती गवत कापायच्या यंत्रासाठी केलेल्या आणि न खपता उरलेल्या इंजिनावर. विजेच्या गाडीची गोष्ट तर आणखी जुनी, आणि आमच्या आळीतली वाटावी अशी. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा थॉमस डेव्हनपोर्ट हा धंद्यानं लोहार. १८३४ मध्ये त्यानं बॅटरीवर फिरणारी मोटर केली, तिच्यावर गोल रुळावरची इवलीशी गाडी पळवली आणि १८३७ मध्ये पेटंट घेतलं. तारांना गुंडाळायला बायकोनं लग्नातला रेशमी कपडा फाडून दिला, असं सांगतात. लोहाराच्या हाती पैसा मात्र लागला नाही. त्या काळच्या बॅटऱ्या फार महाग पडायच्या. १८५१ मध्ये तो गेला.

आमच्याकडं बॅटरी होती, ती लोडशेडिंगची कृपा. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा. विहिरीच्या मोटरीला थ्री फेज मिळायची तीही आठवड्यातले काही दिवस रात्रीची, म्हणजे पाणी पाजायला अंधारात, विंचूकाट्यातनं जायचं. पोरांच्या अभ्यासासाठी म्हणून लोकांनी इन्व्हर्टर घेतले, तसा आम्हीही घेतला होता. धाकट्यानं मोडक्या लोखंडी कॉटच्या पाइपांचा सांगाडा स्टँडवरच्या वेल्डिंगवाल्याकडनं जोडून आणला, मोटरसायकलची चेन लावली आणि एका सकाळी दोघातिघांनी मिळून इन्व्हर्टरची बॅटरी उचलून शाळेच्या पटांगणात नेली.

पहिल्या झटक्याला चेन तुटली. दुसऱ्या खेपेला गाडी अशी उसळली की पोरं बाजूला पळाली. झेंड्याच्या खांबापर्यंत गेली, वळली, आणि करपलेल्या वार्निशचा वास सुटला. मग धूर.

आप्पा पारावर बसले होते. वास ओळखून आले. खाली बसून स्टार्टरला बोट लावलं आणि झटक्यात काढून घेतलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार.

“आरं, ह्यो दहा सेकंदाचा गडी. इंजिनाला हाक मारायची आन् गप बसायचं, एवढंच काम त्येचं. त्याला औताला जुंपलास व्हय?”

चार वर्षांत ते पहिल्यांदा ट्रॅक्टरविषयी बोलले होते. खरंही तेच होतं. स्टार्टर शेकड्यांनी अँपिअर ओढतो. सेकंद-दोन सेकंद ठीक, मिनिटभर चालवला की आतली तार भाजून निघते.

त्या रात्री लाईट गेली. बॅटरी उतरलेली. आईनं चिमणीवर भाकरी थापल्या, एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांचे साठवलेले पैसे धाकट्याच्या हातावर ठेवले. मला आईचा राग आला होता, हे आज कबूल करतो. परीक्षेची फी म्हणून तेच पैसे दिले असते तर?

त्या सुमारास तालुक्याच्या भंगारात बॅटरीच्या स्कूटी येऊन पडल्या होत्या. २५० वॅटच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, लायसन-पासिंगची भानगड नसलेल्या. लोकांनी हौसेनं घेतल्या. बॅटऱ्या मेल्या, नव्यांची किंमत ऐकून गोठ्यात उभ्या केल्या. त्यांची मोटर मागच्या चाकातच असते. धाकटा नुसतं चाक घेऊन आला. त्यातनं तीन जाड आणि पाच बारीक वायरी बाहेर आलेल्या. बॅटरीला लावलं तर चाक ढिम्म. ब्रश नसलेली मोटर नुसत्या बॅटरीवर फिरत नाही, कंट्रोलर लागतो, हे आयटीआयच्या मास्तरांना फोन केल्यावर कळलं. पुन्हा तालुका, पुन्हा हुज्जत. बारा व्होल्टच्या चार जुन्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या. त्यातली एक दुबळी निघाली आणि तिनं बाकीच्या तिघींनाही बसवलं. ती शोधण्यातच आठवडा गेला.

शेवटी चालली. २५० वॅट म्हणजे एक तृतीयांश हॉर्सपॉवर. आमची विहिरीवरची मोटर पाचची. काळ्या रानात तर सांगाडा ढेकळाला टेकायचा. पण डांबरी सडकेवर आवाज न करता जायची. आप्पा एकदा बसले, गुडघे छातीशी, टोपी मुठीत धरून. ओढ्याच्या चढाला अडली तेव्हा आम्ही दोघांनी ढकलली, आणि ते उतरले नाहीत.

धाकट्यानं पुढच्या वर्षी परीक्षा दिली. आता मोटरी भरतो, बॅटरीच्या गाड्याही दुरुस्त करतो. कार्टचं चाक त्यानं कधीच विकलं. जळका स्टार्टर भंगारात घालू का, म्हणून त्यानं तेव्हाच विचारलं होतं.

“तांबं हाय त्यात,” आप्पा म्हणाले. “ऱ्हाऊ दे.” आणि पोत्यात बांधून स्वतः माळ्यावर चढले.