उपाशी सकाळचं गणित

संध्याकाळचे सात. उज्जैनच्या टावर चौकात तुम्ही उभे आहात, हातात साबुदाण्याच्या खिचडीचा द्रोण. वर मनोऱ्यावरचं घड्याळ, खाली फ्रीगंजच्या रस्त्यांवरून येणारी गर्दी. शेजारी एक तिशीतला तरुण आहे. हातपाय काटकुळे, पण शर्टाखाली पोट जरा पुढे आलेलं. लॅबचा रिपोर्ट त्याने चार वेळा उघडून परत मिटलाय. एवढ्या बारीक माणसाला साखर कशी, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसतो.

घड्याळाकडे बघा. काटे उलटे फिरू लागलेत.

1985. ऑक्सफर्ड. डेव्हिड मॅथ्यूज आणि रॉबर्ट टर्नर यांच्या गटाने माणसाचं शरीर कॉम्प्युटरवर मांडलंय. सगळं शरीर नव्हे, रात्रभर उपाशी असलेल्या शरीराचा एक छोटा तुकडा. यकृत रक्तात साखर सोडतं, स्वादुपिंड इन्शुलिन पाठवून त्याला आवर घालतं. पहाटेपर्यंत या दोघांची ओढाताण एका जागी येऊन थांबते. ती जागा कळली की कोण किती थकलंय हे उलट्या दिशेने काढता येतं. त्या मॉडेलचं सोपं रूप तुम्ही बोटांवर करू शकता: उपाशीपोटीची साखर गुणिले इन्शुलिन, भागिले 405. साखर 81, इन्शुलिन 5, तर उत्तर 1. आता दुसरा माणूस घ्या: साखर तीच 81 ठेवा आणि इन्शुलिन 10 करा. उत्तर 2. साखरेचा रिपोर्ट दोघांनाही निरोगी म्हणेल, पण दुसऱ्याचं स्वादुपिंड दुप्पट राबतंय. आजार साखरेत दिसण्याच्या कितीतरी आधी या गुणाकारात दिसतो.

काटे थोडे पुढे येतात. 1994. पुण्याजवळच्या सहा गावांतलं एक गाव. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासातली माणसं बाळ जन्मल्याचं कळताच घरी पोचलीत. तुम्ही उंबऱ्यापाशी थांबा, आत अंधार आहे. "आजी, बाळाला जरा इकडे द्या," त्यांच्यातली एक ताई म्हणते. वजनाचा काटा पावणेतीन किलोच्या अलीकडे थांबतो. या गावांतलं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. मग ती चिमट्यासारखं यंत्र बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखाली लावते. दंड बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी इंग्लंडच्या बाळाच्या जवळ जाणारी. बारीक, तरी चरबीचं बाळ. आई खाटेवर आहे. गरोदरपणातही ती शेतात राबली, पाणी वाहिलं. तिच्या ताटात दूध क्वचितच आलं. मला या खोलीतून लवकर निघवत नाही.

सहा वर्षं पुढे. तीच मुलं आता पुण्यात केईएममध्ये आलीत, सकाळी उपाशी. एक पोरगी सुईकडे बघायचं नाही म्हणून बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसते. तिच्या साखरेचा आणि इन्शुलिनचा आकडा ऑक्सफर्डच्या त्या गणितात जातो, आणि उत्तर तिच्या आईच्या रक्तापर्यंत नेऊन सोडतं. गरोदरपणी दोन तृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. ज्यांच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांचं उत्तर सर्वांत मोठं आलं. 2008 साली हे छापून आलं.

असं का, हे समजायला परत टावर चौकात या. चौकाचा उपयोग आहे. 2007 साली सॅन दिएगोत बर्नहार्ड पॉलसन यांच्या गटाने मानवी चयापचयाचा नकाशा कॉम्प्युटरवर उतरवला. त्यात 3,311 अभिक्रिया होत्या. अशा नकाशात प्रत्येक रेणू म्हणजे एक चौक, प्रत्येक अभिक्रिया म्हणजे एक रस्ता, आणि नियम एकच: चौकात जितकी वाहनं येतात तितकीच बाहेर पडली पाहिजेत. एखादा रस्ता बंद करा आणि कोंडी कुठे होते ते हिशोबाने काढा. पुण्याच्या अभ्यासाने हा नकाशा वापरलेला नाही, पण त्या मातांचं रक्त वाचायला तो उपयोगी पडतो. शरीरात बी-12 चे रस्ते दोनच. एक बंद झाला की होमोसिस्टीन साठतं, दुसरा बंद झाला की मिथाइलमॅलॉनिक आम्ल. त्या गावांतल्या दहातल्या नऊ मातांच्या रक्तात हे दुसरं साठलेलं होतं. पहिल्या रस्त्यावर तर फोलेटही अडकून पडतं. फोलेटची गोळी पोटात जाते, पण तिचं काम होत नाही.

म्हणजे हा तरुण रिपोर्टकडे बघतोय खरा, पण त्याच्या हिशोबाची पहिली ओळ तो जन्मायच्या आधी लिहिली गेलेली असू शकते. 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. त्या फोटोसमोर हा तरुण उभा राहिला असता, तर त्याला स्वतःचं शरीर निदान परकं वाटलं नसतं.

काटे शेवटचे एकदा फिरतात. 2012. त्याच गावांतल्या त्याच मुली आता मोठ्या झाल्यात. बाबांच्या सदऱ्यात तोंड लपवणारीही त्यांच्यातच असेल. लग्नं व्हायची आहेत, मुलं व्हायची आहेत, आणि त्या आधीच याज्ञिक यांच्या गटाने गोळ्या द्यायला सुरुवात केलीय. काही जणींच्या गोळीत बी-12 आहे, रोजचं दोन मायक्रोग्रॅम, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. एक मुलगी पाण्याचा घोट घेऊन ती गिळते आणि भराभर पावलं उचलत निघते, बस चुकेल म्हणून.